बाईकच्या टाकीवर पीपीएफ घरी लावताय? आधी हे वाचा

भाऊ, नवी बाईक घेतली, पेट्रोलच्या टाकीवर पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म, रंग वाचवणारी पारदर्शक चिकट फिल्म) घरीच लावायचंय. मे महिन्यात चालेल का? (मानेवाडा)

चालेल, पण अंगणात नाही अन् दुपारी तर अजिबातच नाही. आपल्याकडे नागपुरात मेमधे पारा 45 च्या आसपास असतो, उन्हात तापलेल्या टाकीवर फवारलेलं पाणी फिल्म टेकवायच्या आधीच उडून जातं, गोंद पहिल्यांदा जिथे टेकला तिथेच पकडतो अन् मग उचलायला गेलं की फिल्मवर गोंदाचे ओरखडे राहतात, ते जात नाहीत. गाडी रात्रभर आत ठेवा, भल्या सकाळी काम काढा. गरम होत असलं तरी पंखा-कूलर बंद, नाहीतर सगळी धूळ फिल्मखाली जाते, खालची फरशी पण ओली करून घ्या.

आधी शाम्पूने धुवायचं, मग क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवायचा, शेवटी अल्कोहोलने पुसायचं. नवीन गाडीवर शोरूमवाले वॅक्स किंवा पॉलिश मारून देतात, ते निघालं नाही तर गोंद धरतच नाही.

अन् माझं स्पष्ट मत सांगतो, पहिल्यांदाच करत असाल तर अख्खी टाकी एका तुकड्यात करू नका. दोन्हीकडून गोल असलेल्या पत्र्यावर फिल्म बसवायला सरावाचा हात लागतो. गुडघे घासतात त्या दोन बाजू अन् जिथे जॅकेटची चेन, पट्ट्याचं बकल लागतं तो सीटजवळचा भाग, एवढंच झाका, खरी झीज तिथेच होते. कागदाचा साचा काढून फिल्म टेबलावर कापा. टाकीवर ब्लेड चालवलं अन् क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) अन् रंग कापून ते पार पत्र्यापर्यंत गेलं तर तिथून गंज सुरू होतो. कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचलतो.

बेबी शाम्पूच्या पाण्याने लावली, मधे मस्त बसली पण कडा सारख्या सुटतात. (हिंगणा रोड)

कडेला शाम्पू राहिलाय. दोन बाटल्या ठेवायच्या असतात दादा. एकीत पाणी अन् शाम्पूचे थोडेच थेंब, फिल्म सरकवायला. दुसरीत एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, चार भाग पाणी, ते कडेखाली मारलं की शाम्पू निघतो अन् गोंद पकडतो, मग स्क्वीजीने (पाणी निपटायच्या रबरी पट्टीने) मधून बाहेर पाणी काढत यायचं. कड जास्त ताणून बसवली असेल तरी ती परत आकसते, तेव्हा ताण सोडून पुन्हा बसवा. शेवटी हेअर ड्रायरची हलकी ऊब द्या, पण अल्कोहोल पूर्ण वाळल्यावरच, अन् पेट्रोलचा जरासाही वास येत असेल तर तेव्हा नाहीच.

आत फुगे दिसतात, काढून टाकू का? (वर्धमान नगर)

थांबा थोडं. पाण्याचे बारीक फुगे काही दिवसांत आपोआप जिरतात. हवेचा फुगा जात नाही, त्याला बारीक सुईने कडेला टोचून बोटाने दाबा. आठवडाभर गाडी धुऊ नका, नंतरही प्रेशर वॉशरची धार कडेवर सरळ मारू द्यायची नाही.

ऑनलाइन स्वस्त रोल मिळतो, घेऊ का? (धरमपेठ)

पीव्हीसी असेल तर नको. तो आपल्या उन्हात पिवळा पडतो, कडक होतो, काढताना तुकडे-तुकडे होतात. टीपीयूचाच (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) घ्या, महाग आहे पण बारीक चरे उष्णतेने भरून निघतात.

माझी गाडी मॅट काळी आहे अन् टाकीवर कंपनीचं स्टिकर आहे. (सक्करदरा)

मॅट फिल्मच घ्या, ग्लॉसी लावली तर टाकी चमकायला लागेल. स्टिकरवर क्लिअरकोट नसेल तर त्याच्या बाहेरूनच कापा, नाहीतर पुढे फिल्म काढताना स्टिकर पण सोबत निघून येईल.