हात मागे घे

प्रिय मुली,

तुझं पत्र काल दोनदा वाचलं. अपंग मुलांचं निवास, सकाळी साडेसहाला १४ मुलगे, दोन मावशी, आठला नाश्ता. त्या गडबडीत तू १७ वर्षांच्या एका मुलाजवळ थांबतेस, त्याने आपलं बटण आपण लावावं म्हणून वाट बघतेस. तेवढ्यात मावशी येतात, पाचही बटणं भराभर लावतात आणि त्याला पुढे पिटाळतात. ‘मग माझं इथे काम काय?’ असं विचारलं आहेस.

वाट बघणं, हेच काम. ते तू करत होतीस. धीराचे शब्द लिहीत नाही. त्यांची गरज असती तर तू या वाटेला आलीच नसतीस.

माझं सांगते. पहिली तीन वर्षं मी मदतीलाच थेरपी समजत होते. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी, असलेला एक मुलगा होता, डावा हात ताठर. रोज त्याचा हात माझ्या हातात धरून मी सदऱ्याची बटणं लावायचे आणि रिपोर्टात लिहायचे, ‘मदतीने बटणं लावतो.’ हात त्याचा होता, बटणं मी लावत होते. अठराव्या वर्षी तो मोठ्यांच्या निवासात गेला. काही महिन्यांनी भेटायला गेले, तर मला बघताच त्याने दोन्ही हात वर केले, डावा जेमतेम खांद्यापर्यंत. मला वाटलं, ओळखलं. मग पाणी घेऊन एक माणूस आला आणि त्याच्यापुढेही तो तसेच हात वर करून उभा राहिला. कपडे काढायचे म्हणून. मोठं माणूस समोर आलं की आपलं अंग त्याच्या स्वाधीन करायचं, एवढंच मी त्याला शिकवलं होतं. उद्या कोणी नको तिथे हात लावला असता, तर ‘नको’ म्हणायचं त्याला सुचलं तरी असतं का? इतकी वर्षं झाली, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

म्हणून सांगते, हात मागे घे. मनात दहापर्यंत मोज. चारला तुझा हात आपोआप पुढे जाईल, मुठीत आवळून धर. सातव्या आकड्यावर बोटं हललेली मी किती वेळा पाहिली आहेत! ऐकलेलं आत पोचून हातापर्यंत यायला या मुलांना वेळ लागतो, आणि नेमका तोच वेळ आपण खाऊन टाकतो.

बॅकवर्ड चेनिंग, म्हणजे शेवटच्या पायरीपासून मागे मागे शिकवत जाणं, तू शिकली आहेसच, मग अंगात घातलेल्या सदऱ्यापासून सुरुवात का करतेस? सदरा आधी टेबलावर ठेव. मोठं बटण, सैल काज. बटण काजात अर्धं तू घाल, शेवटचं ओढणं त्याचं. ‘झालं’ हा क्षण रोज त्याच्या वाट्याला यायला हवा. ते बसलं की आधीची पायरी. तुझा हात मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर, मग तू नुसती शेजारी. आणि बोलू नकोस गं! ‘ओढ, ओढ, शाबास, अजून थोडं.’ हाताची मदत सुटते, बोलण्याची सुटता सुटत नाही. मुलगा बटण सोडून तुझ्या तोंडाकडे बघत बसतो.

वेळ कुठून आणू, म्हणशील. सगळ्यांची सगळी बटणं कोणी सांगितली? एक मुलगा, एक बटण. उरलेली चार मावशींनी खुशाल लावावीत. त्यांच्यावर रागावू नकोस. नाश्ता लांबला तर बोलणी त्यांना बसतात, तुला नाही.

मला बसली होती. दुसऱ्या संस्थेत नाश्ता २० मिनिटं उशिरा होऊ लागला, तेव्हा वरिष्ठांनी बोलावून घेतलं. ‘मुलं खूश, पालक खूश, अडचण फक्त तुम्हालाच.’ चार महिने भांडले आणि नोकरी सोडली. अजून मला हेकट म्हणतात. माझं चुकलं ते बोलण्याच्या पद्धतीत, मुद्द्यात नाही. मी गेल्यावर त्या मुलांचं काय झालं, हे तू विचारशील. मीही विचारते. पण तिथे राहून पुन्हा सगळ्यांची बटणं लावत बसणं मला जमलं नसतं.

धोका पत्करण्यातही माणसाची प्रतिष्ठा असते, हे अपंगांच्या हक्कांसाठी लिहिणारे अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ साली लिहून ठेवलं. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ चा. कुठे आणि कोणाबरोबर राहायचं ते निवडण्याचा हक्क त्याच्या कलम १९ मध्ये आहे. ज्याला १७ वर्षांत दोन सदऱ्यांतून एक निवडायला कोणी सांगितलं नाही, तो घर कसं निवडणार? दोन सदरे समोर धर. आणि थांब.

घास अडकला, फिट आली, कुठे दुखतंय, तर मोजत बसायचं नाही, हे तुला सांगायला नको. कपडे घालण्यातच एखाद्याची सगळी ताकद संपत असेल, मग आवडीच्या मातीकामाला काहीच उरत नसेल, तर त्याला कपडे दुसऱ्याने घालावेत. त्यात कमीपणा नाही. पण कोणी घालायचे ते त्याला विचार, आणि विचारल्यावर दहापर्यंत मोज.

आता तुझ्या पत्रातलं एक वाक्य. मावशींनी बटणं लावल्यावर त्याने खालचं बटण पुन्हा काढलं आणि मावशी चिडल्या, असं तू ओझरतं लिहिलं आहेस. अगं, अख्खं पत्र त्यावर हवं होतं! बटण काढणं लावण्याच्या आधी येतं. त्याची बोटं चालतात, आणि आपल्या सदऱ्याचं काय करायचं याबद्दल त्याला मत आहे. उद्या तिथूनच सुरू कर. कोणत्या हाताने काढलं, बटणाकडे बघून की न बघता, ते नीट पाहा आणि मला कळव.

तुझी,
ताई