‘फास्पा’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: कॅनडातल्या मॅनिटोबाच्या मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) शेतकऱ्यांवरची एक विनोदी गोष्ट मराठीत आणतोय. तीत ‘फास्पा’ हा शब्द सारखा येतो. त्याला ‘अल्पोपाहार’ चालेल का?

मला विचाराल तर नाही चालणार. अल्पोपाहार निमंत्रणपत्रिकेत छापतात, घरात कुणी म्हणत नाही. फास्पा मात्र अगदी घरातला शब्द. हे लोक रशियन साम्राज्यातून, आजच्या युक्रेनमधून, 1874 पासून मॅनिटोबात आले आणि येताना प्लाउटडीच ही आपली बोली घेऊन आले. तिच्यातला हा शब्द. जर्मन ‘फेस्पर’ त्याचा भाऊ आणि मूळ लॅटिन ‘वेस्पेरा’, म्हणजे संध्याकाळ. गोव्यात फेस्ताच्या आदल्या संध्याकाळी वेस्पेराची प्रार्थना होते, तीही याच कुळातली.

फास्पा म्हणजे रविवारी दुपारी तीन-चारच्या सुमाराचं खाणं: पाव, थंड मांस, चीज, जॅम, कॉफी. रविवारी काम टाळायचं म्हणून भाजणं-शिजवणं शनिवारीच उरकलेलं. आणि या वेळेला पाहुणे न कळवता येतात. सगळा विनोद इथेच आहे! शेजारी गव्हाबद्दल बोलतो, गाभण गाईची चौकशी करतो, फास्पाचं नाव काढत नाही. घरची बाई तेवढ्यात पाव मोजून घेते. इथे ‘अल्पोपाहार’ लिहिलात की हसू जागच्या जागी विरतं.

आपल्याकडचं ‘मधल्या वेळचं खाणं’ बरंच जवळ येतं, पण त्यात रविवार नाही. म्हणून ‘फास्पा’ तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे कुणाच्या तरी तोंडी ‘फास्पा, रविवारचं मधल्या वेळचं’ एवढं घाला. पुढे वाचक सांभाळून घेतो.

जाता जाता, त्याच पानावर ‘त्स्वीबाक’ येईल, त्याला ‘टोस्ट’ करू नका. शब्दाचा अर्थ ‘दोनदा भाजलेला’ (त्यातला ‘त्स्वी’ आणि आपला ‘द्वि’ सख्खे), पण फास्पाच्या ताटातला त्स्वीबाक मऊ असतो: मोठ्या पावाच्या डोक्यावर छोटा पाव बसवलेला. लांबच्या प्रवासाला निघताना तोच पुन्हा भाजून, कडक करून पोत्यांत भरत. गोष्टीत पोरगा वरचा छोटा पाव उपटून खात असेल तर ‘जोडपाव’ लिहा. टोस्टला उपटायला डोकंच नसतं.