रेणू डाव्या हाताचा की उजव्या, यामुळे प्रथिनाशी असलेल्या आकर्षणात खरोखर फरक पडतो का?

आरशातील प्रतिमेसारख्या दोन रेणूंमध्ये अणू तेच आणि बंध तेच, मग प्रथिनांशी त्यांचे आकर्षण वेगळे कसे, असे आपण विचारले आहे. एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत हाच प्रश्न मला विचारला गेला होता आणि माझे बरोबर उत्तर चूक ठरवले गेले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

परीक्षेच्या टेबलावर कार्व्होन या वासाच्या द्रव्याच्या दोन बाटल्या होत्या, एकीत डाव्या हाताचे रूप आणि दुसरीत उजव्या. एकीचे बूच काढले की पुदिन्याचा वास येई, दुसरीचे काढले की बाळंतशोपांचा. आदल्याच आठवड्यात मी दोन्ही नमुने ध्रुवणमापीत, म्हणजे ध्रुवित प्रकाश किती वळतो हे मोजणाऱ्या उपकरणात, पाहिले होते. कोन जवळजवळ सारखाच, फक्त एकाचा डावीकडे आणि दुसऱ्याचा उजवीकडे. वास वेगळा का, असे बहिःस्थ परीक्षकांनी विचारले, तेव्हा नाकातील वासाचे रेणू धरणारी ग्राही प्रथिने स्वतःच एका हाताची असतात, असे मी सांगितले. ‘‘दोन्हींचा उत्कलनबिंदू सुमारे २३१ अंश, म्हणजे रेणूंमधील बले एकच. वासातला फरक अशुद्धीचा,’’ असे म्हणून त्यांनी माझे जर्नल मिटले.

उत्कलनबिंदूबद्दल ते बरोबर होते. मात्र तो ठरतो कार्व्होनचे रेणू एकमेकांना किती घट्ट धरतात यावर, आणि डाव्याने डाव्याला धरणे ही उजव्याने उजव्याला धरण्याची आरशातील प्रतिमाच असल्यामुळे तेथे फरक पडण्याचे कारणच नाही. प्रथिन ग्लायसिन वगळता केवळ एल-अमिनो आम्लांचे, म्हणजे एकाच हाताच्या घटकांचे, बनलेले असते, म्हणून त्याची खोबणही एकाच हाताची असते. त्या खोबणीत चुकीच्या हाताच्या रेणूचे दोन अणुगट जागेवर बसले, तरी तिसरा भलतीकडे वळतो. ही तीन बिंदूंची कल्पना इसन आणि स्टेडमन या संशोधकांनी १९३३ मध्येच मांडली होती. येथे कोणतेही नवे बल निर्माण होत नाही, जुनीच बले चुकीच्या अंतरावरून काम करतात. व्हॅन डर वाल्स आकर्षण, म्हणजे जवळ आलेल्या रेणूंमधील क्षीण ओढ, अंतराच्या सहाव्या घाताने घटते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की ते ६४ पटींनी कमी होते.

सर्दीच्या गोळ्यांत हे दिसते. सेटिरिझिनमध्ये दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतात, तर लेव्होसेटिरिझिनमध्ये एकच. हे रूप हिस्टामिनच्या ग्राहीला दुसऱ्यापेक्षा सुमारे ३० पट घट्ट धरते, म्हणून १० ऐवजी ५ मिलिग्रॅम पुरते. या ३० पटींमागे ऊर्जेतील फरक मोलमागे जेमतेम दोन किलोकॅलरींचा असतो.

सर्वांत निर्णायक पुरावा १९९२ चा आहे. एचआयव्ही विषाणूचे प्रोटिएज हे प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) संपूर्णपणे डी-अमिनो आम्लांचे, म्हणजे एल-रूपाच्या आरशातील प्रतिमांचे, बनवले गेले, आणि त्याने डी-रूपातील पेप्टाइडच (अमिनो आम्लांची छोटी साखळी) तोडले, एल-रूपातील नाही. बाटल्यांच्या अशुद्धीचा प्रश्नही १९७१ मध्ये कार्व्होनच्या शुद्ध नमुन्यांवर संशोधकांच्या दोन गटांनी निकाली काढला होता. माझी परीक्षा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाली आणि परीक्षकांना ते ठाऊक असायला हवे होते, असे मला आजही वाटते. तुमच्यासमोर कोणी उत्कलनबिंदू पुढे केला, तर समोरचा रेणू कोणत्या हाताचा आहे, हे त्यांना आधी विचारा.

प्रत्येक जोडीचा वास वेगळा असतोच असे मात्र नाही. कित्येक जोड्या सारख्याच वासाच्या आहेत. तीन बिंदूंचे चित्रही सोपे केलेले आहे, कारण रेणू खोबणीत कोणत्या बाजूने शिरतो यालाही महत्त्व असते.