चिपी आणि मोपा दोन्ही खासगी कंपन्यांकडे, मग एक गजबजलेला आणि दुसरा ओस का?

तुम्ही विचारलंय की सिंधुदुर्गाचा चिपी आणि गोव्याचा मोपा, दोन्ही विमानतळ सरकारने कंपन्यांना 'विकले', तरी मोपाला विमानांची रीघ आणि चिपीला शुकशुकाट, असं का? दोष कंपनीचा की सरकारचा?

मी वेंगुर्ले तालुक्यात निवास-न्याहारी चालवतो. पाहुणे विमानाने येतात की रेल्वेने, यावर माझं घर चालतं, म्हणून या करारांमागे बराच लागलो आहे.

विकलेला यातला एकही नाही. चिपी एमआयडीसीने, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने, आयआरबी कंपनीकडे दिला, मोपा गोवा सरकारने २०१६ मध्ये ४० वर्षांसाठी जीएमआर कंपनीकडे. आराखडा करा, पैसा उभा करा, बांधा, चालवा आणि मुदत सरली की परत करा, असा दोन्हींचा साचा. विमानांना उतरण्याची परवानगी देणारा टॉवर भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्याच हातात राहतो. कंपनीकडे येते ती धावपट्टी, टर्मिनल, पार्किंग, दुकानं आणि त्यांची वसुली. विमान कुठून कुठे उडवायचं हे मात्र विमान कंपनी ठरवते. हे लक्षात घेतलं नाही तर सगळा राग चुकीच्या दारात जातो.

मोपाला गिऱ्हाईक आधीपासून होतं. गोव्याचा जुना विमानतळ दाभोळी हा नौदलाचा तळ, तिथे नागरी विमानांना वेळेची आणि जागेची अडचण. त्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये मोपा सुरू झाला तेव्हा विमान कंपन्यांना नवा प्रवासी शोधावा लागला नाही. हे दिसत होतं म्हणूनच जीएमआरने बोलीत गोवा सरकारला ३६.९९ टक्के वाटा कबूल केला. आणि तो नफ्यातला नव्हे, एकूण उत्पन्नातला. म्हणजे तोटा झाला तरी गोव्याचा वाटा द्यावाच लागणार.

चिपीचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला झालं. धावपट्टी अडीच किलोमीटरची, जेट विमान सहज उतरेल अशी. प्रत्यक्षात उतरलं ते सत्तरेक आसनांचं एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान. मुंबईची ती फेरी 'उडान' योजनेतली होती. काही आसनांचं भाडं सरकारने बांधून द्यायचं, कमी पडेल तो पैसा सरकारने भरायचा, पण तीनच वर्षं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुदत संपली आणि फेरी थांबली. मधल्या काळात हद्दीपलीकडे मोपा उभा राहिला होता. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीचा माणूस आता चिपीकडे कशाला येईल? माझ्याकडचे पाहुणेसुद्धा मोपाला उतरून टॅक्सी करतात, कारण तिथे दिवसभरात वेळेचा पर्याय असतो. आणि मुंबईच्या चाकरमान्याला कोकण रेल्वे परवडते. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर रोजची विमानं भरतील एवढी माणसं इथून निघत नाहीत.

त्यात आमचा पाऊस. जुलैत चिपीजवळच्या परुळ्याच्या सड्यावर ढग असे टेकतात की टर्मिनलसमोरून धावपट्टी दिसत नाही. टॅक्सीवाले काच पुसत बसलेले असतात आणि वर नुसता आवाज घुमतो. मग कोणीतरी म्हणतं, "गेला ता गोव्याक." पाहुण्याचं जेवण माझ्या घरी झाकून राहतं आणि तो रात्री घाटावरून आल्यासारखा थकून पोचतो. असं एकदा झालं की तो माणूस पुढच्या वेळी चिपीचं तिकीट काढत नाही.

आता विस्तार. आमच्याकडे प्रत्येक सभेत नाइट लँडिंग आणि मोठ्या टर्मिनलची मागणी होते. ती मलाही हवी आहेत. पण तो पैसा कुठून येतो ते बघा. नवी मुंबई विमानतळात अदानी समूहाची मालकी ७४ टक्के आणि सिडको या सरकारी महामंडळाची २६. पहिला टप्पा वर्षाला २ कोटी प्रवाशांचा, शेवटी ९ कोटींपर्यंत नेण्याचा आराखडा. अशा मोठ्या विमानतळावर विस्ताराचा मान्य झालेला खर्च 'एरा' ही नियामक संस्था हिशेबात धरते आणि तिकिटावर लागणाऱ्या यूडीएफ या विमानतळ-शुल्कातून तो वर्षानुवर्षं वसूल होतो. कोट्यवधी डोक्यांवर वाटला की जाणवत नाही. तोच हिशेब चिपीच्या मोजक्या प्रवाशांवर लावला तर तिकीट एवढं महाग होईल की आहेत तेही जातील. म्हणून कंपनी स्वतःहून खर्च करेल या आशेवर बसणं मला पटत नाही. चिपी जिल्ह्यासाठी हवा असेल तर नाइट लँडिंगचा खर्च राज्याने उचलावा आणि मुंबईच्या फेरीला तीन वर्षांच्या पुढेही आधार द्यावा. त्या बदल्यात कंपनीकडून धावपट्टीची देखभाल, प्रवाशांच्या सोयी आणि टॅक्सीसाठी नीट जागा या गोष्टी करारावर बोट ठेवून वसूल कराव्यात.

दोष कोणाचा, हे त्या कराराचा कागद हातात आल्याशिवाय नेमकं सांगता येणार नाही. तुम्ही जिल्ह्यातलेच असाल तर माहिती अधिकाराचा अर्ज एमआयडीसीकडे करा. करार तिने केलाय, त्यामुळे उत्तर देणं तिला भाग आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. तीनच गोष्टी मागा: प्रवासी कमी आले तर तोटा कोणी सोसायचा, किती प्रवासी झाल्यावर विस्तार सक्तीचा होतो, आणि सेवा ढासळली तर दंड काय. अर्जात 'कराराची व त्यानंतरच्या सर्व दुरुस्त्यांची प्रत' असं स्पष्ट लिहा, नाहीतर मूळ कागद तेवढाच हातात ठेवतात.