ब्रेसेस काढल्यावर दातांच्या मागे चिकटवलेली तार किती वर्षं ठेवायची? सोलापुरात राहून कडक भाकरी सोडायची का?

तार घट्ट आहे आणि हिरड्या चांगल्या आहेत तोवर राहू द्या, अनेक वर्षं राहिली तरी चालते. सरकवलेल्या दातांभोवती हिरडीतले ताणलेले तंतू त्यांना जुन्या जागेकडे ओढत राहतात. ते स्थिरावायला वर्षभरही लागू शकतं. शिवाय वय वाढतं तशी अनेकांच्या खालच्या पुढच्या दातांत दाटी होते, ब्रेसेस कधी लावले नसले तरी.

भाकरी सोडू नका, खायची पद्धत बदला. माझी तार सुटली ती कडक भाकरीनेच. पुढच्या दातांनी तुकडा तोडला आणि जिभेला तारेचं टोक टोचलं. "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणत महिना घालवला, तेवढ्यात एक दात वळला. फार वाईट वाटलं. आता भाकरी आमटीत चुरूनच खाते, ऊस दातांनी सोलत नाही. शेंगा चटणी खुशाल खा, पण नंतर चूळ भरा. कूट तारेखाली अडकून बसतो.

खालच्या दातांमागेच लाळग्रंथींची तोंडं उघडतात, म्हणून तिथे कीटण लवकर साचतं. साधा फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, नुसता दातांच्या फटीत वरून घालता येत नाही, मध्ये तार आडवी येते. ताठ टोकाचा सुपरफ्लॉस किंवा दातांच्या फटीत जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश घ्या आणि रोज रात्री तारेखालून फिरवा.

तार दाताला चिकटवणारा एखादा ठिपका सुटल्यासारखा वाटला, तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे ब्रेसेस लावणाऱ्या डॉक्टरकडे जा.