विनोद नसतानाचे हसू : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

हसण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी घेतली आहेत. चांगला विनोद कसा करावा, असे कुणीच विचारलेले नाही. जवळजवळ प्रत्येकाची अडचण समोर कोण आहे, कोण हसते आहे आणि कोण हसत नाही, याच्याशी निगडित आहे. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : आमच्या विभागप्रमुखांचे विनोद अगदीच सुमार असतात. तरी बैठकीत सगळे हसतात आणि मीही हसते. घरी आल्यावर स्वतःचीच लाज वाटते. हा ढोंगीपणा नव्हे का?

आपण विनोदाला हसतो, या समजुतीवर तुमची लाज उभी आहे, आणि ती समजूतच फारशी खरी नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लोकांना प्रयोगशाळेत बसवून विनोद ऐकवण्याऐवजी रस्त्यावर, बाजारात, विद्यापीठाच्या आवारात माणसे प्रत्यक्षात केव्हा हसतात याच्या 1,200 नोंदी गोळा केल्या. हसण्याच्या लगेच आधी उच्चारलेले वाक्य ओढूनताणून विनोदी म्हणता येईल, असे प्रसंग 10 ते 20 टक्केच निघाले. उरलेल्या वेळी लोक ‘बरं, भेटू मग’ किंवा ‘तुम्हाला भेटून बरं वाटलं’ अशा साध्या बोलण्यावर हसत होते. त्यातही ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा सुमारे 46 टक्के अधिक हसत होता आणि त्याचे हसू वाक्याच्या मध्ये न येता बहुधा शेवटी, पूर्णविरामाच्या जागी येत होते. ‘मी तुमच्यातला आहे, माझ्याकडून धोका नाही’ हा निरोप शब्दांपेक्षा हसणे अधिक वेगाने पोहोचवते.

अर्थात कार्यालयात हा निरोप सर्व दिशांनी सारखा वाहत नाही. समाजशास्त्रज्ञ रोझ कोझर यांनी एका मनोरुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या बैठकांचा अभ्यास 1960 साली प्रसिद्ध केला. तेथे विनोद करण्याचा मान मुख्यतः वरिष्ठांकडे होता, हसण्याचे काम कनिष्ठांकडे होते आणि हजर असलेल्या वरिष्ठावर कनिष्ठाने विनोद करणे जवळजवळ घडत नव्हते. तुमची बैठक याला अपवाद नाही, एवढेच.

आता एक गंमत पाहा. फ्रेंच मज्जातंतुतज्ज्ञ द्युशेन यांनी 1862 मध्येच लिहून ठेवले आहे की ओठांचे कोपरे वर खेचणारा स्नायू आपली आज्ञा मानतो, मात्र डोळ्यांभोवतीचा स्नायू सहसा मनापासूनच्या आनंदालाच दाद देतो. कानही तितकेच चाणाक्ष असतात. 24 मानवी समाजांत झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दोघांच्या एकत्र हसण्याचा जेमतेम एका सेकंदाचा आवाज ऐकून ते मित्र आहेत की अनोळखी, हे श्रोत्यांनी सरासरी 61 टक्के वेळा बरोबर ओळखले. म्हणजे तुमच्या साहेबांनाही तुमचे हसू कोणत्या जातीचे आहे, याचा थोडाफार अंदाज असणारच! ते सौजन्य आहे, नमस्कारासारखे. त्याची लाज बाळगू नका. लाज वाटावी असा प्रसंग एकच आहे : विनोद त्याच खोलीत बसलेल्या एखाद्या दुबळ्या सहकाऱ्यावर असतो आणि तुम्ही सवयीने हसता. अशा वेळी भाषण करण्याची गरज नाही. न हसता पुढच्या मुद्द्याविषयी विचारले तरी त्या माणसाला ते नेमके कळते.

प्रश्न : एका नातेवाइकाच्या निधनानंतर सांत्वनाला गेलो असता मला अनावर हसू आले. दुःख तर खरेच झाले होते. मी निर्दयी आहे का?

नाही. स्टॅन्ली मिलग्रॅम यांचा 1963 साली प्रसिद्ध झालेला आज्ञापालनाचा प्रयोग अनेकांना ठाऊक असेल. आपण शेजारच्या खोलीतील माणसाला विजेचे झटके देत आहोत, अशी सहभागी व्यक्तींची समजूत करून दिली होती. त्या 40 जणांपैकी 14 जणांना भलत्याच क्षणी हसू येऊ लागले आणि तिघांना तर आवरता न येणारी उबळ आली. नंतर हीच मंडळी ‘आम्हाला त्यात मजा वाटत नव्हती हो’ असे कळवळून सांगत होती. ठरवून केलेले हसणे आणि आपोआप फुटणारे हसणे यांचे मेंदूतील मार्ग वेगळे आहेत. ताण असह्य झाला की दुसऱ्या मार्गावरचा पहारा ढिला पडतो.

माझ्यासमोर बसून नोकरी गेल्याची हकिकत सांगणारे एक गृहस्थ मला आठवतात. प्रत्येक वाक्याअखेर घशातून एक कोरडे ‘हॅ हॅ’ निघे आणि हात मात्र मांडीवरच्या रुमालाची घडी मोडून पुन्हा घालत असत. मी त्यांच्याबरोबर हसले नाही. चार-पाच वाक्यांनंतर ‘हॅ हॅ’ थांबले, रुमाल डोळ्यांना लागला आणि त्यानंतर आमचे खरे बोलणे सुरू झाले.

नाट्यशास्त्रात हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार दिले आहेत. त्यांतले अपहसित म्हणजे अस्थानी आलेले, डोळ्यांत पाणी आणणारे, खांदे आणि मस्तक हलवणारे हसू. तुमच्या अनुभवाला इतके जुने आणि इतके नेमके नाव आहे, हे वाचून कदाचित तुम्हाला धीर येईल. पुन्हा तसे झाल्यास शेजारी बसलेल्या भावंडाच्या डोळ्यांत पाहू नका, कारण तिथूनच आग भडकते. सावकाश श्वास सोडा आणि जमत नसेल तर उठून बाहेर जा. मात्र पक्षाघातानंतर किंवा मज्जासंस्थेच्या आजारात, मनात काहीही नसताना हसू वा रडू वारंवार कोसळत असेल, तर तो स्वभावाचा प्रश्न नसून मेंदूविकारतज्ज्ञाने पाहण्याची बाब आहे.

प्रश्न : मी बोलताना अडखळतो. मित्र माझी नक्कल करतात आणि सगळे खो-खो हसतात. मी रागावलो तर ‘तुला विनोद कळत नाही’ म्हणतात. हल्ली त्यांनी सुरुवात करण्याआधी मीच स्वतःची नक्कल करून टाकतो. हे बरोबर आहे का?

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये विनोदाच्या चार शैली मांडल्या : माणसे जोडणारी, स्वतःला सावरणारी, इतरांना बोचणारी आणि स्वतःलाच खाली पाडणारी. यांतली दुसरी आणि चौथी बाहेरून अगदी सारख्या दिसतात, कारण दोन्हींत माणूस स्वतःवरच हसतो. फरक हसून झाल्यावर कळतो. सावरणाऱ्या विनोदानंतर प्रसंग लहान वाटतो. पाडणाऱ्या विनोदानंतर माणूसच लहान होतो. तुम्ही करता ती नक्कल म्हणजे घाव बसण्याआधी स्वतःच केलेला घाव आहे, आणि तिची खरी किंमत ही की त्यामुळे मित्रांना आयती परवानगी मिळते.

थट्टेशिवाय मैत्री नसते, हे मान्य केलेच पाहिजे. जिवाभावाच्या माणसाची चेष्टा करण्याचा हक्क हेच पुष्कळदा जिव्हाळ्याचे माप असते. पण थट्टेचा रोख फिरता राहतो : आज तुम्ही, उद्या तो, परवा तिसरा. टिंगलीचा रोख एकाच माणसावर आणि एकाच उण्यावर खिळलेला असतो. दुसरी खूण अशी की ‘पुरे’ म्हटल्यावर थट्टा थांबते, टिंगल मात्र तिथूनच जोर धरते. फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनी 1900 साली हसण्याविषयी लिहिताना म्हटले होते की हसू यायचे तर हृदयाला क्षणभर बधिर व्हावे लागते. ती बधिरता क्षणाचीच असावी, ही अपेक्षा मित्रांकडून करणे मुळीच अवाजवी नाही.

‘तुला विनोद कळत नाही’ हे वाक्य मोठे कावेबाज आहे. दुखावणाऱ्याने उत्तर द्यायचे, ते राहते बाजूला आणि दुखावलेल्याची बुद्धी तपासली जाऊ लागते. तिथे वाद घालू नका. सगळ्यांसमोर रागावण्याऐवजी टोळक्यातल्या ज्या एकाचा शब्द चालतो, त्याला एकटा गाठा आणि एवढेच सांगा : ‘माझी बाकी हवी तेवढी चेष्टा करा, पण बोलण्याची नक्कल बंद. मला ती लागते.’ सरसकट तक्रार हसण्यावारी नेली जाते. एका गोष्टीची नेमकी मागणी उडवून लावणे अवघड जाते. आणि त्याच दिवसापासून तुमची स्वतःची नक्कलही बंद.

काही माणसांत अशा दीर्घ अनुभवांतून हसले जाण्याचीच भीती घर करते, जिला जेलोटोफोबिया म्हणतात. मागच्या टेबलावर अनोळखी लोक हसले तरी ते आपल्यालाच हसत आहेत असे वाटू लागते. तुमच्या बाबतीत ते तिथवर पोहोचले असेल, तर समुपदेशकाला भेटण्यास विलंब लावू नका.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलीला तिचे काका गुदगुल्या करतात. ती ‘नको नको’ म्हणते, पण हसतही असते. तिला आवडते असे समजावे का?

हसण्यावरून ठरवू नका. गुदगुल्यांचे हसू पुष्कळसे आपोआप येते. ते संमती नव्हे. मेंदूशास्त्रज्ञ याक पँकसेप यांनी उंदरांना गुदगुल्या केल्या, तेव्हा ते माणसाला ऐकू न येणाऱ्या, 50 किलोहर्ट्झच्या आसपासच्या आवाजात चिवचिवत, पण त्यांना हे आवडते असे म्हणायला आणखी एक पुरावा होता : ते गुदगुल्या करणाऱ्या हातामागे पुन्हा पुन्हा येत. हीच कसोटी घरी वापरा. ‘नको’ ऐकताच काकांनी दोन्ही हात मागे घ्यावेत. मुलगी स्वतःहून पुन्हा पुढे आली तर खेळ चालू; पळून गेली तर संपला.

प्रश्न : हास्यव्यायामाने आजार बरे होतात असे ऐकतो. पण ठरवून, खोटे हसण्याने खरोखर काही होते का?

या दाव्याच्या मुळाशी बहुतेक वेळा अमेरिकी पत्रकार नॉर्मन कझिन्स यांचा अनुभव सांगितला जातो. सांध्यांच्या वेदनादायक आजारात दहा मिनिटे पोटभर हसल्यानंतर दोन तास वेदनेविना झोप लागते, असे त्यांनी 1976 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. अनुभव प्रामाणिक होता, पण तो एकाच माणसाचा होता आणि त्याच काळात ते क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्राही घेत होते. एवढ्यावरून हसण्याला औषध म्हणणे मला मान्य नाही.

वेदना सुसह्य होण्याचा भाग मात्र पोकळ नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दाखवले की इतरांसोबत मोकळेपणाने हसल्यानंतर वेदना सहन करण्याची मर्यादा वाढते. 2017 मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी मित्रांसोबत हसल्यानंतर मेंदूत नैसर्गिक अफूसदृश द्रव्ये स्रवतात, असे मेंदूच्या चित्रणातून नोंदवले. दोन्हीकडे सोबत आहे, हे ध्यानात घ्या. दातांत पेन धरून ओठांना हसऱ्या ठेवणीत आणले की चित्रे अधिक गमतीदार वाटतात, हा 1988 मधला गाजलेला निष्कर्ष 2016 मध्ये 17 प्रयोगशाळांनी तपासला, तेव्हा तो टिकला नाही. नुसता चेहरा वाकवून फार काही साधेल, असे मला म्हणूनच वाटत नाही.

मग हास्यमंडळात काय घडते? मदन कटारिया या डॉक्टरांनी 1995 मध्ये मुंबईत पहिले मंडळ सुरू केले, तेव्हा तेथे विनोद सांगितले जात. विनोद संपले, उरलेले बोचू लागले, तेव्हा विनोदाविना हसण्याचा मार्ग निघाला. पहिले मिनिट खोटे असते, हे खरेच. मग समोरच्याच्या अवघडलेल्या ‘हा हा’चे हसू येते आणि ते खरे असते. जरूर जा, चालू असलेली औषधे चालू ठेवून. हर्निया असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा हसण्याने दम्याची उबळ येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : पत्नी गेल्याला वर्ष झाले. आम्ही मिळून पाहायचो ते विनोदी कार्यक्रम आजही लावतो, पण हसू येत नाही. मला नैराश्य आले आहे का?

झोप आणि भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल आणि असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर डॉक्टरांना अवश्य भेटा. तसे काही नसेल, तर यात आजार नाही. प्रोव्हाइन यांनी काहींना हसण्याची रोजनिशी ठेवायला सांगितले होते. वाचन, दूरदर्शन असा बाहेरचा आधार नसताना माणूस एकांतापेक्षा सोबतीत सुमारे 30 पट अधिक हसतो, असे तीत आढळले. मालिकांना ध्वनिमुद्रित हशा जोडण्याची युक्ती 1950 च्या दशकात रुजली, तीही घरात एकट्या बसलेल्याला सोबतीचा भास व्हावा म्हणूनच. कार्यक्रम रंगात आला की तुम्ही पडद्यावरून नजर काढून शेजारी पाहत असाल. तुमचे निम्मे हसू त्या पाहण्यात होते.

भावाला, बहिणीला किंवा जुन्या मित्राला आठवड्यातून एकदा त्याच वेळी तोच कार्यक्रम लावायला सांगा आणि फोन चालू ठेवा. पहिल्या खेपेला दोघांनाही अवघडल्यासारखे होईल. कार्यक्रमावर बहुधा कुणीच हसणार नाही. मध्येच आवाज तुटून ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ सुरू झाले, की त्यावर हसाल.