महिनाभराच्या निसर्गनोंदी सुरू करताना

आपण महिनाभर रोज निसर्गनोंद करण्याचे ठरवले, याचा मनापासून आनंद झाला. त्यासाठी जळगाव जिल्ह्यातले यावल अभयारण्य गाठण्याची गरज नाही. केळीच्या बागेचा बांध, पाटचारी किंवा अंगणातला कडुनिंब सुरुवातीला पुरेसा आहे.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे दुर्मीळ पक्ष्याची वाट पाहत साळुंकी, होला, टिटवी, सरडा यांना वगळणे. वास्तविक नेहमीच्या जिवांच्या सलग नोंदींवरूनच ते वाढत आहेत की घटत आहेत, हे पुढे कळू शकते. तारीख, वेळ, ठिकाण आणि तो जीव काय करत होता, हे जागेवरच लिहावे, कारण रात्री आठवून लिहिलेले तपशील चुकतात. ओळख पटली नाही तर अंदाजाने जातीचे नाव न देता नुसते ‘कोळी’ किंवा ‘फुलपाखरू’ असे लिहावे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर व अ‍ॅपवर नोंद केल्यास इतर सदस्य पुढची ओळख सुचवतात, मात्र छायाचित्र स्पष्ट हवे. शेतातली केळी वा कपाशी नोंदवल्यास ती लागवडीची असल्याचे नमूद करावे.

छायाचित्रासाठी घरट्याजवळ मुळीच जाऊ नये, हे आग्रहाने सांगतो. उन्हाळा असेल तर सकाळी ८ पूर्वीच बाहेर पडावे. महागड्या कॅमेऱ्याचा विचार तूर्त नको. मोबाइल आणि वही पुरे.